एक तारका, अनेक फाइली



बीजगणिताच्या तासाला शिक्षक फळ्यावर ‘क्ष’ लिहितो, तेव्हां त्या अक्षराच्या आड एक संख्या दडलेली असते. ती कोणती, हें ठाऊक नसतें, एवढेंच. पण साध्या समीकरणांत ती एकच असते, आणि समीकरण सुटलें कीं ‘क्ष’चें काम संपतें. संस्कृत व्याकरणांत याहून निराळी युक्ति आहे. पाणिनीनें ‘अच्’ म्हटलें कीं सगळे स्वर उभे राहतात, ‘हल्’ म्हटलें कीं सगळीं व्यंजनें हजर होतात. तेथें खूण एका वस्तूची नसून एका समुदायाची असते. आज ज्या चिन्हाविषयीं मी बोलणार आहें, तें या दुसऱ्या कुळांतलें आहे. संगणकाला आज्ञा लिहून देतांना फाइलीच्या नांवांत आपण एक तारका घालतों, आणि त्या एका तारकेच्या जागीं शेंकडों नांवें येऊन उभीं राहतात. अशा चिन्हाला ‘वाइल्डकार्ड’ म्हणतात. हा शब्द पत्त्यांच्या डावांतला. जोकर कोणत्याहि पानाच्या जागीं लावतां येतो, हें रमी खेळणाऱ्या मंडळींस सांगावयास नकोच.

हा विषय कचेरींतला, घरांतल्या माणसांना त्याचें काय, असें कोणी म्हणेल. त्यांच्यासाठीं एक उदाहरण घेतों. समजा, घरांत आजोबांच्या हातच्या रोजनिशीच्या चार वह्या आहेत. १९३१ पासून १९३४ पर्यंतच्या, प्रत्येकींत १६० पानें. कागद ठिसूळ झाला आहे, कडांना वाळवी लागली आहे. घरांतल्या मुलांनीं सर्व ६४० पानें स्कॅन केलीं, प्रत्येक पानाची एक फाइल झाली, आणि आतां त्या फाइली दूरच्या एखाद्या संग्रहाच्या संगणकावर चढवावयाच्या आहेत. यालाच ‘अपलोड’ म्हणतात. एकेक फाइल निवडून चढवूं लागलें तर दिवस जातील. म्हणून जाणते लोक खिडक्या व चित्रें बाजूस सारून आज्ञेची एक ओळ लिहितात:

अपलोड वह्या/*/*.जेपीजी

एवढीशी ओळ. ती बरोबर असली तर ६४० पानें सुखरूप पोहोंचतात. ती किंचित् चुकली तर ६०० पोहोंचतात, ४० मागें राहतात, आणि संगणक मात्र ‘काम झालें’ असेंच सांगतो. ‘सगळें चढलें आहे’ या समजुतीनें मूळ वह्या रद्दींत गेल्या, म्हणजे तीं ४० पानें या जगांतून कायमचीं गेलीं. उलट बाजूनेंहि धोका आहे. तारकेचें जाळें फार मोठें पडलें तर रोजनिशीबरोबर घरचें मृत्युपत्र आणि ठेवींच्या पावत्याहि चव्हाट्यावर जाऊन बसतात. म्हणून या तारकेचा स्वभाव समजून घेणें हें घरच्या माणसालाहि आवश्यक आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगतों. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत मरे हिल येथें बेल लॅबोरेटरीज् या संस्थेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ पासून युनिक्स नांवाची कार्यप्रणाली घडविली. तिच्या पहिल्या हस्तपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. ज्या पहिल्या पीडीपी-११ यंत्रावर ती चालूं लागली, त्याची स्मृति अवघी २४ किलोबाइट होती. आजच्या एका साध्या छायाचित्रालाहि ती पुरावयाची नाहीं. त्या प्रणालींत ‘ग्लॉब’ नांवाचा एक स्वतंत्र छोटा प्रोग्रॅम होता. ‘ग्लोबल’, म्हणजे सर्वव्यापी, या शब्दाचा तो संक्षेप. माणसाची आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ‘शेल’ म्हणतात. या शेलला आज्ञेंत तारका दिसली कीं तो सगळी आज्ञा ग्लॉबच्या हातीं देई. ग्लॉब जुळणारीं नांवें शोधी, त्यांची यादी करी आणि मूळ आज्ञा स्वतःच चालवी. पुढें १९७९ सालीं युनिक्सची सातवी आवृत्ति निघाली. तिच्यांतील स्टीफन बोर्न यांच्या शेलनें हें काम स्वतःकडे घेतलें. ग्लॉब हा वेगळा प्रोग्रॅम मागें पडला, पण क्रियेला ‘ग्लॉबिंग’ हें नांव चिकटलें तें आजतागायत.

चिन्हें मुख्यतः तीनच आहेत. तारका म्हणजे कोणतींहि अक्षरें, कितीहि. अगदीं एकहि अक्षर नसलें तरी चालतें. प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेंहि, परंतु नेमकें एक अक्षर. आणि चौकटी कंस म्हणजे कंसांत दिलेल्यांपैकीं कोणतेंहि एक. ‘वही-[१२३].पीडीएफ’ असें लिहिलें तर पहिली, दुसरी व तिसरी वही येईल, चवथी येणार नाहीं. बाकीचीं अक्षरें आपापल्या जागीं जशींच्या तशींच जुळलीं पाहिजेत. वर्गांत शिक्षक म्हणतो, “ज्यांचें नांव ‘रा’पासून सुरू होतें त्यांनीं उभें राहावें,” आणि राम, राघव, राधा उठतात, तसेंच हें आहे.

नांव जुळतें कीं नाहीं हें यंत्र कसें ठरवितें तेंहि पाहण्यासारखें आहे. ‘*१.जेपीजी’ हा नमुना व ‘११.जेपीजी’ हें नांव घ्या. यंत्र प्रथम धरून चालतें कीं तारकेनें कांहींच गिळलें नाहीं. मग नमुन्यांतील १ नांवांतील पहिल्या १ शीं जुळतो. पुढें नमुन्यांत बिंदु आहे, पण नांवांत दुसरा १ उभा आहे. जुळलें नाहीं. तेव्हां यंत्र मागें येऊन म्हणतें, तारकेनें एक अक्षर गिळलें असें धरूं. आतां नमुन्यांतील १ दुसऱ्या १ शीं जुळतो, बिंदूशीं बिंदु, आणि शेवटपर्यंत सर्व बरोबर येतें. अशीं मागें येणीं एका तारकेपुरतीं स्वस्त असतात. पण नमुन्यांत दहापांच तारका असल्या आणि प्रोग्रॅम प्रत्येक तारकेपाशीं परत जाऊन सगळे पर्याय पुन्हां तपासूं लागला, तर एका नांवासाठीं देखील खेपा बेसुमार वाढतात. त्यावर उपाय सोपा आहे: नुसत्या शेवटच्या तारकेचीच जागा लक्षांत ठेवावी आणि अडलें कीं तेथेंच परतावें. आधींच्या तारकांकडे जाण्याची गरजच पडत नाहीं, कारण आधींच्या तारकांनीं कमींत कमी गिळून काम भागविलें असेल, तर उरलेली मोकळीक शेवटच्या तारकेच्या वांट्याला येतेच.

येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. हीच तारका दुसऱ्या एका शास्त्रांतहि आहे. स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञाच्या १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून ती आली. मजकुरांत शब्द शोधणाऱ्या ‘ग्रेप’सारख्या साधनांत तिचा अर्थ ‘मागच्या चिन्हाची कितीहि वेळां पुनरुक्ति’ असा होतो. फाइलींच्या नांवांतील तारकेचा मागच्या अक्षराशीं कांहींच संबंध नाहीं. रूप एक, अर्थ दोन; जसा ‘कर’ म्हणजे हातहि आणि सरकारी पट्टीहि.

फाइली फोल्डरांत असतात, फोल्डर दुसऱ्या फोल्डरांत, आणि मार्ग लिहितांना मध्यें तिरकी रेघ येते. साध्या तारकेला ही रेघ म्हणजे उंबरठा आहे. शेलच्या राज्यांत ती तो ओलांडीत नाहीं. ‘वह्या/*.जेपीजी’ म्हटलें तर वह्या या फोल्डरांत थेट ठेवलेल्या फाइली येतील. आंतल्या १९३१, १९३२ या फोल्डरांतल्या येणार नाहींत. म्हणूनच वरील आज्ञेंत दोन तारका दोन मजल्यांवर घालाव्या लागल्या. किती मजले आहेत हें ठाऊक नसेल तर जोडतारका वापरतात: ‘वह्या/**/*.जेपीजी’. ती सर्व मजले उतरून जाते. परंतु ती सगळीकडे चालते असें समजूं नये. बॅश हा शेल पुष्कळ संगणकांवर असतो. त्यांत जोडतारका २००९ सालच्या चवथ्या आवृत्तींत आली, आणि तीहि मुद्दाम चालू करावी लागते. चालू केली नसेल तर जोडतारका साध्या तारकेसारखीच वागते. एकच मजला पाहून परत येते, आणि तक्रार मुळींच करीत नाहीं.

दुसरा नियम बिंदूचा. ज्या फाइलीचें नांव बिंदूनें सुरू होतें ती युनिक्सच्या पद्धतींत पडद्याआड मानली जाते. नुसत्या तारकेनें ती येत नाहीं. हें बहुधा हिताचें असतें, कारण गुप्त किल्ल्या व परवलीचे शब्द अशाच फाइलींत ठेवलेले असतात. तिसरा नियम लहानमोठ्या अक्षरांचा. देवनागरींत हा भेद नाहीं, पण इंग्रजी नांवांत आहे. युनिक्सच्या घराण्यांतील शेल लहान अक्षरांतलें ‘जेपीजी’ व मोठ्या अक्षरांतलें ‘जेपीजी’ हीं दोन निरनिराळीं शेंपटें मानतो. आपल्या उदाहरणांतील ४० पानें दुसऱ्या यंत्रावर स्कॅन झालीं असतील आणि त्या यंत्रानें शेंपूट मोठ्या अक्षरांत लिहिलें असेल, तर तीं पानें तारकेच्या जाळ्यांत येणारच नाहींत. मघाशीं मी ६०० व ४० हे आंकडे घेतले ते यासाठींच.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. तारकेचा अर्थ कोण लावतो? अपलोड करणारें साधन लावतें, अशी पुष्कळांची समजूत असते. युनिक्सच्या घराण्यांत ती खरी नाहीं. तेथें शेल हा दारांतला हुशार कारकून आहे. तो आपली चिठ्ठी वाचतो, तारका पाहिली कीं दप्तर उघडतो, जुळणारीं ६४० नांवें काढून क्रमानें मांडतो, आणि ती यादी साधनाच्या हातांत ठेवतो. साधनाला तारका कधीं दिसतच नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या घराण्यांत, म्हणजे १९८१ सालच्या एमएस-डॉसपासून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टपर्यंत, कारकून चिठ्ठी न उघडतां तशीच आंत पाठवितो. तारका साधनाच्या समोर येऊन पडते, आणि तिचा अर्थ लावण्याची सोय साधनकर्त्यानें केली नसेल, तर तें बिचारें ‘तारका’ नांवाची फाइल शोधीत बसतें व ‘अशी फाइल नाहीं’ असें उत्तर देतें. एकच साधन एका घरीं चालतें आणि शेजारच्या घरीं अडतें, त्याचें कारण बहुतेक वेळां हेंच असतें.

फाइली पाठविण्याच्या जुन्या पद्धतींतहि हा प्रश्न आलाच होता. एफटीपी या पद्धतीचा पहिला आराखडा १६ एप्रिल १९७१ रोजीं अभय भूषण यांनीं लिहिला. हे आय. आय. टी. कानपूरचे पदवीधर, त्या वेळीं अमेरिकेंत एम. आय. टी. मध्यें होते. या पद्धतीच्या १९८५ च्या प्रमाण आवृत्तींतहि ठेवण्याची आज्ञा एका वेळीं एकाच फाइलीची आहे. तारका तारेवरून पलीकडे जात नाहीं. म्हणून पाठविणाऱ्या बाजूच्या प्रोग्रॅमांत ‘एमपुट’ ही आज्ञा आली. ती नमुना घेते, त्याची यादी करते आणि एकामागून एक फाइली पाठविते. विशेष हा कीं, ती मूळ रूपांत प्रत्येक फाइलीपूर्वीं ‘पाठवूं का?’ असें विचारते. आजच्या घाईच्या साधनांपेक्षां त्या जुन्या साधनाला माणसाच्या दुबळेपणाची जाणीव अधिक होती, असें म्हणावें लागतें.

उलट दिशेचा व्यवहार पाहिला म्हणजे हें तत्त्व अधिक स्पष्ट होतें. इंटरनेट आर्काइव्ह ही १९९६ सालीं स्थापन झालेली संस्था जुनीं पुस्तकें, ध्वनिमुद्रणें वगैरे सांभाळते. तिच्या आज्ञापंक्तीच्या साधनांत फाइली उतरवून घेण्याच्या आज्ञेला ‘ग्लॉब’ असा स्वतंत्र पर्याय दिलेला आहे. कारण उघड आहे. त्या फाइली दूरच्या संगणकावर असतात. आपल्या दारांतल्या कारकुनाला त्या दिसत नाहींत, तेव्हां तो यादी करणार कशी? तेथें साधनालाच तें काम पत्करावें लागतें. आणि नमुना शेलनें मध्येंच उघडूं नये म्हणून तो अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो. अवतरणचिन्ह म्हणजे चिठ्ठीवरचें मोहोर. ‘आंतल्या माणसानेंच उघडावी’ अशी ती खूण.

निरनिराळ्या साधनांनीं निरनिराळे मार्ग काढले आहेत. स्वीडनमधील डॅनिएल स्टेनबर्ग यांचें ‘कर्ल’ हें १९९८ पासून प्रसिद्ध असलेलें साधन अपलोड करतांना कंसांतील क्रम समजतें. ‘पान[१-१६०]’ या अर्थाचें लिहिलें तर तें १ ते १६० अशीं नांवें स्वतः रचतें. हें रचणें आहे, शोधणें नव्हे. पान ७३ खरोखर आहे कीं नाहीं हें पाहून तें यादी करीत नाहीं. याच्या अगदीं उलट पद्धत अॅमेझॉनच्या एस-थ्री या सांठवणीच्या साधनाची आहे. तेथें मार्गांत तारका चालत नाहीं. सर्व फोल्डर द्यावयाचा, आणि मग ‘हें वगळा’, ‘हें घ्या’ अशा चाळण्या लावावयाच्या. त्यांत नंतरची चाळणी आधींचीवर मात करते, आणि मुळांत सर्वच फाइली ‘घ्या’ मध्यें धरलेल्या असतात. म्हणून ‘सर्व वगळा, मग जेपीजी घ्या’ असा क्रम लावला तरच फक्त छायाचित्रें जातात. क्रम उलटा केला तर कांहींच जात नाहीं. आणि ‘जेपीजी घ्या’ एवढेंच लिहून कोणी थांबला, तर कांहींच वगळलें न गेल्यामुळें सगळा फोल्डर जातो, मृत्युपत्रासुद्धां. मराठींत ‘फक्त घ्या’ आणि ‘हेंहि घ्या’ यांत जें अंतर आहे, तेंच येथें आहे.

मग चांगल्या साधनानें करावें तरी काय? १९९२ सालच्या पॉझिक्स मानकांत यासाठीं दोन तयार क्रिया दिलेल्या आहेत: ‘ग्लॉब’ ही तबकडीवर शोधून यादी करते, व ‘एफएनमॅच’ ही एक नांव नमुन्याशीं जुळतें का एवढेंच सांगते. साधनकर्त्याचें खरें कौशल्य त्यानंतर लागतें. पहिली गोष्ट, साधनानें एकापेक्षां अधिक नांवें स्वीकारलीं पाहिजेत. कारण शेलनें यादी करून दिली तर ती वायां जाऊं नये. दुसरी गोष्ट, हातीं आलेलें नांव तारकायुक्त वाटलें तरी प्रथम त्याच नांवाची फाइल खरोखर आहे का हें पाहावें. ‘छायाचित्र[१].जेपीजी’ असें फाइलीचें नांव असूं शकतें. शेलनें तें यादींत बरोबर दिलें, आणि साधनानें त्याला पुन्हां नमुना समजून कंस उघडले, तर तें ‘छायाचित्र१.जेपीजी’ शोधील, खरी फाइल मात्र मागें राहील. एकदां उघडलेली चिठ्ठी दुसऱ्यांदां फोडूं नये.

तिसरी गोष्ट पोहोंचण्याच्या ठिकाणची. आपल्या चारहि वह्यांत ‘पान-००१’ आहे. साधनानें मार्ग टाकून नुसतें शेवटचें नांव ठेवलें, तर चार वह्यांचीं पहिलीं पानें एकाच नांवावर येऊन आदळतात; पहिल्यावर दुसरें, दुसऱ्यावर तिसरें लिहिलें जातें, आणि ६४० फाइली पाठवूनहि पलीकडे शेवटच्या वहीचीं १६० पानेंच उरतात. म्हणून नियम असा असावा कीं, नमुन्यांत पहिलें सर्वग्राही चिन्ह येण्यापूर्वींचा जो स्थिर भाग, म्हणजे येथें ‘वह्या’, तो मूळ धरावा आणि त्यापुढचा मार्ग जसाचा तसा राखावा. मग ‘१९३१/पान-००१’ व ‘१९३२/पान-००१’ हीं शेजारीं शेजारीं सुखानें नांदतात.

चवथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नमुन्याशीं एकहि नांव जुळलें नाहीं तर काय करावें? या बाबतींत शेलांतहि एकमत नाहीं. पहिला ग्लॉब ‘जुळत नाहीं’ असें सांगून थांबत असे, आणि सी-शेलनें तीच रीति चालविली. बोर्न यांचा शेल मात्र नमुना तसाच, तारकेसकट, पुढें ढकलतो. साधनानें अशा वेळीं मुकाट्यानें ‘शून्य फाइली चढविल्या’ म्हणून यशाची खूण देऊं नये. ज्यानें आज्ञा दिली त्याला कांहीं तरी पाठवावयाचें होतें; कांहींच गेलें नाहीं, तर ती चूक म्हणूनच मोठ्यानें सांगितली पाहिजे.

यादीच्या लांबीलाहि मर्यादा आहे. शेलनें केलेली यादी प्रोग्रॅमला देतांना ती एका ठराविक जागेंत मावावी लागते. लिनक्सवर २००७ पर्यंत ही जागा १२८ किलोबाइट, म्हणजे १,३१,०७२ बाइट होती. एका नांवाला २० इंग्रजी अक्षरें धरलीं तर तींत सुमारें सहा हजार नांवें मावत. देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात, त्यामुळें तितक्याच लांबीचीं देवनागरी नांवें जेमतेम दोन हजार. पुढें ही मर्यादा बरीच वाढली, बहुधा वीस लाख बाइटांच्या आसपास असते. तरी मोठ्या संग्रहाला तीहि अपुरी पडते आणि ‘यादी फार लांब आहे’ अशी तक्रार येते. नमुना अवतरणांत ठेवून साधनालाच उघडूं दिला, तर ही अडचण उरत नाहीं, कारण मग सगळी यादी एकदम हातांत धरावी लागत नाहीं. साधनांत तारकेची सोय असावी, याचें हें दुसरें सबळ कारण आहे.

आतां आपल्या लिपीचा प्रश्न. प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर, असें मीं म्हटलें. पण अक्षर म्हणजे काय? शाळेंत ‘राम’ या शब्दाचीं दोन अक्षरें मोजतात. संगणक मात्र र, काना व म असे तीन घटक मोजतो. म्हणून ‘??.पीडीएफ’ या नमुन्यांत ‘राम.पीडीएफ’ येणार नाहीं. तीन प्रश्नचिन्हें लागतील. ‘लक्ष्मी’ हें नांव डोळ्यांना दोन अक्षरांचें. संगणकाला ल, क, हलन्त, ष, हलन्त, म व वेलांटी असे सात घटक. आणि संगणकाची भाषाविषयक मांडणी जुन्या साध्या पद्धतीची ठेवलेली असेल तर तो घटकहि न मोजतां बाइट मोजतो. मग लक्ष्मीला एकवीस प्रश्नचिन्हें! देवनागरी नांवांसाठीं प्रश्नचिन्हाच्या वाटेस न जातां तारकाच वापरावी, हें उत्तम.

याहून सूक्ष्म अडचण ‘कऱ्हाड’सारख्या नांवांत आहे. त्यांतील अर्धा र संगणकांत दोनतीन निरनिराळ्या रीतींनीं सांठवितां येतो. पडद्यावर रूप तेंच, आंतले घटक वेगळे. एका रीतीनें लिहिलेला नमुना दुसऱ्या रीतीनें लिहिलेल्या फाइलीला ओळखीत नाहीं, आणि पाहणाऱ्याला कारण कळत नाहीं. क्रमाचेंहि तसेंच. यादी बहुधा अक्षरक्रमानें लागते, अंकांच्या किंमतीनें नव्हे. पान-१ नंतर पान-१० येतें आणि पान-२ त्याच्याहि मागें पडतें. नांवें देतांनाच ००१, ००२ अशीं शून्यें घालून द्यावींत, म्हणजे वहीचा क्रम वहीसारखाच राहतो.

हें सर्व ऐकून तारकेची भीति वाटण्याचें कारण नाहीं. सवय मात्र चांगली लागली पाहिजे. अपलोडची आज्ञा चालविण्यापूर्वीं तोच नमुना ‘एको’ या निरुपद्रवी आज्ञेपुढें लिहावा. ती जुळलेलीं नांवें नुसतीं पडद्यावर छापते. साधनांत ‘ड्राय रन’, म्हणजे रंगीत तालीम, असेल तर ती आधीं करावी. काय जाणार आहे तें दिसतें, पण जात कांहींच नाहीं. नमुन्याची सुरुवात नुसत्या तारकेनें न करतां ‘./*’ अशी करावी, म्हणजे आडव्या रेघेनें सुरू होणारें एखादें नांव चुकून पर्याय समजलें जात नाहीं. खाजगी कागद त्या फोल्डरांत ठेवूंच नयेत; चाळणीच्या भरंवशावर खडे आणि तांदूळ एकत्र ठेवणारी गृहिणी शहाणी नव्हे. आणि शेवटीं मोजावें. इकडे ६४० असतील तर तिकडे ६४० झालीं पाहिजेत. मधलीं दोनचार पानें उघडून वाचून पाहावींत. संख्या जुळेपर्यंत मूळ वह्यांना हात लावूं नये. जुळल्यावरहि, माझें मत विचाराल तर, त्या रद्दींत घालूं नयेत.

यंत्राला आपला हेतु कळत नाहीं, त्याला फक्त आपली खूण कळते. ‘सगळें’ हा शब्द आपण बोलण्यांत सहज वापरतों, आणि ऐकणारा माणूस संदर्भानें त्याची मर्यादा ओळखतो. तारका हा तोच शब्द, पण ऐकणारा संदर्भ न जाणणारा आहे. तेव्हां कुठलें सगळें, कोठपर्यंतचें सगळें, आणि काय सोडून सगळें, हें आपणच आधीं ठरविलें पाहिजे. तेवढें ठरलें तर ही एक तारका चार दिवसांचें काम चार क्षणांत करील, आणि आजोबांच्या अक्षरांतलें एकहि पान मागें राहणार नाहीं.